न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले. उष्ण देशांनी कच्चा माल पिकवावा, थंड देशांनी कारखाने चालवावेत, असा विचार तेव्हा रूढ होता. आपला कापूस विलायतेला जाई, तिकडचे कापड इथे विकले जाई. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात रानड्यांनी ही वाटणी नाकारली. एके काळी कापड निर्यात करणारा देश केवळ शेतीवर राहिला तर गरीबच राहील, सरकारने नव्या उद्योगांना मदत करावी, असे त्यांचे मत होते. सरकारी नोकरीत राहून त्यांनी हे मांडले. १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले. आज काय विकतो याबरोबरच उद्या काय बनवू शकू याचाही विचार करावा, हा धडा आम्ही त्यांच्याकडून घेतो.