शब्दांचे इंजिनिअर : डॉ. रघुवीर

मित्रांनो, थर्ड इयरला गेलं की आपल्याकडे एक साथ पसरते. तिचं नाव वर्डलिस्ट! ॲप्टिट्यूड टेस्ट आणि जीआरईसाठी सिनॉनिम्स-अँटॉनिम्सचा रट्टा सुरू होतो. हुडकेश्वरच्या कुठल्याही हॉस्टेलवर रात्री चक्कर मारा, कोणीतरी भिंतीकडे बघत शब्द पुटपुटताना दिसेलच. रोज पन्नास पाठ करायचे आणि रविवारपर्यंत चाळीस विसरायचे. पण शब्द पाठ करण्याआधी तो बनतो कसा, हे बघितलं तर? या एका प्रश्नावर एका विद्वानाने लाखभर शब्दांचं काम उभं केलं, आणि तेही आपल्या नागपुरात बसून. त्यांचं नाव डॉ. रघुवीर.

त्यांचा जन्म 30 डिसेंबर 1902 चा, रावळपिंडीचा. हे शहर आता पाकिस्तानात आहे. शिक्षण लाहोरला झालं. पुढे लंडनहून पीएच.डी. आणि हॉलंडमधल्या लायडनहून डी.लिट. मिळवली. विषय संस्कृत. एवढं शिकून ते परत लाहोरला आले आणि कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली, तेव्हा त्यातल्या विराटपर्वाचं संपादन त्यांनी केलं. ते 1936 साली छापून आलं. निरनिराळ्या प्रांतांतल्या जुन्या हस्तलिखित पोथ्या समोर ठेवून एकेक शब्द ताडून बघायचा, असं ते काम. शब्दाकडे इतक्या जवळून बघण्याची सवय त्यांना होतीच, ती इथे अजून पक्की झाली असणार.

लाहोरला त्यांनी सरस्वती विहार नावाची संशोधन संस्था काढली होती. 1946 साली ती त्यांनी नागपूरला हलवली. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि लाहोर परदेश झालं.

त्या वेळचं नागपूर म्हणजे मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. प्रांतात दोन भाषा. महाकोशल, छत्तीसगडकडे हिंदी आणि आपल्या विदर्भात मराठी. इंग्रज गेले, पण ऑफिसातले कागद, कोर्टातले कायदे, कॉलेजातली पुस्तकं सगळी इंग्रजीत. आता हे सामान्य माणसाच्या भाषेत आणायचं तर शब्द कुठून आणणार? पंडित रविशंकर शुक्लांच्या सरकारने हे काम रघुवीरांकडे दिलं. ते संविधान सभेचेही सदस्य झाले.

त्यांची पद्धत आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना लगेच पटेल. एकेका इंग्रजी शब्दाला एकेक सुटा प्रतिशब्द शोधत बसायचं नाही. सुटे पार्ट तयार ठेवायचे आणि जोडत जायचं. धातू हा मूळ पार्ट, त्याच्या पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय. आपणच हिशोब करून बघू. समजा 500 धातू, 20 उपसर्ग आणि 80 प्रत्यय घेतले, तर कॉम्बिनेशन्स होतात 8 लाख! सगळीच कामाची नसतात हे खरं, पण कच्चा माल केवढा आहे ते कळतं.

एक उदाहरण बघा. इंग्रजीत लॉ, लीगल, बिल, कॉन्स्टिट्यूशन हे शब्द ऐकून ते एकाच घरातले वाटत नाहीत. रघुवीरांनी आग्रह धरला तो कुटुंबाचा. विधी, त्यावरून वैध, अवैध, विधान, विधायक, विधेयक, संविधान. एक कळला की बाकीचे आपोआप कळतात, आणि विरुद्धार्थी शब्दाला फक्त एक 'अ' लागतो. दर डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा पेपरात हे शब्द भरभरून येतात. ते अवघड आहेत असं आता कोणाला वाटतही नाही.

गंमत म्हणजे हीच युक्ती इंग्रजीलाही लागू पडते. 'स्पेक्ट' हा लॅटिन धातू, अर्थ बघणे. इन्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, रिस्पेक्ट, पर्स्पेक्टिव्ह, एक्स्पेक्ट सगळे त्याचेच. आता संस्कृतचा 'ईक्ष्' घ्या, अर्थ तोच, बघणे. निरीक्षण, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा, उपेक्षा आणि आपली लाडकी परीक्षासुद्धा! इन्स्पेक्टच्या जागी निरीक्षण आणि एक्स्पेक्टच्या जागी अपेक्षा. दोन्ही भाषांनी बघण्यातूनच वाट बघणं तयार केलं. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना एक्स्पेक्ट आधीपासून माहीत असतो आणि मराठी मीडियमवाल्यांना अपेक्षा. दोघांनी एका टेबलावर बसून अभ्यास केला तर अर्धी वर्डलिस्ट तिथेच संपेल.

पण सगळंच जमलं असं नाही. रघुवीरांनी ऑक्सिजनला 'जारक' म्हटलं, कार्बनला 'प्रांगार'. मग कार्बन डायऑक्साइड झाला 'प्रांगार द्विजारेय'. लोकांनी खूप टिंगल केली. अवघड हिंदीला 'रघुवीरी' म्हणायची पद्धत पडली, आणि त्यांनी न केलेले शब्दही विनोद म्हणून त्यांच्या नावावर खपले. 1961 साली केंद्र सरकारने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. त्याने आंतरराष्ट्रीय संज्ञा शक्यतो तशाच ठेवायचं धोरण घेतलं. त्यामुळे जारक पुस्तकातच राहिला. मराठीतला प्राणवायू मात्र अजून टिकून आहे, कारण तो ऐकला की शाळेत न गेलेल्या आजीलाही अर्थ लागतो. मला वाटतं इथेच खरी गोष्ट आहे. शब्द नियमाने बनवता येतो, पण तो जगतो की नाही हे वापरणारे ठरवतात.

टीका झाली तरी त्यांनी काम थांबवलं नाही. 1952 ते 1962 ते राज्यसभेत होते. 1955 साली त्यांचा इंग्रजी-हिंदी बृहत्कोश नागपूरहूनच प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते चीनला गेले आणि तिथून जुन्या ग्रंथांचा मोठा साठा घेऊन आले. 1956 साली संस्था दिल्लीला गेली. त्याच वर्षी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं राजधानीपणही संपलं. डिसेंबर 1962 मध्ये ते जनसंघाचे अध्यक्ष झाले. पण पाचच महिन्यांत, 14 मे 1963 ला, कानपूरजवळ मोटार अपघातात त्यांचं निधन झालं. वय फक्त साठ.

आज त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? शब्द बनवणाऱ्याचं असंच होतं. शब्द रुळला की बनवणारा विसरला जातो, आणि नाही रुळला की त्याचं हसू होतं.

2021 साली एआयसीटीईने मराठीसह आठ भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. म्हणजे रघुवीरांचा प्रश्न अजून जिवंत आहे. गडचिरोली, भंडाऱ्याहून आलेला आपला एखादा मित्र फर्स्ट इयरला लेक्चरमध्ये गप्प बसतो. त्याला गणित येत नसतं असं नाही, फक्त शब्द अडतो. त्याच्यासाठी शब्द सोपा करून सांगणं हे काम कोशकारांनी केलं तसं आपणही करू शकतो.

तेव्हा मित्रांनो, पुढची वर्डलिस्ट हातात घ्याल तेव्हा आधी शब्दांची कुटुंबं पाडा. धातू कोणता, पुढे काय लागलं, मागे काय लागलं, उलट अर्थ कशाने होतो आणि त्याचा मराठी भाऊ कोण, एवढं लिहा. आणि शब्द कळला की शेजारच्या रूममध्ये जाऊन दुसऱ्याला सांगा. सांगितलेला शब्द सहसा विसरत नाही.