गाडगेबाबा आणि आमची चिंच

आमच्या कनेरगाव नाक्याला, शेतावरच्या चिंचेखालून रात्री कोणी जात नाही. मला ताप आला की आई आधी कोंबडे उतरून टाकी, मग दवाखाना. म्हणून गाडगेबाबांच्या चरित्रातील एका प्रसंगाशी मी थबकलो. अमरावतीकडील शेणगावी १८७६ साली जन्मलेला डेबूजी. बाप दारूपायी गेला. पुढे मुलीच्या बारशाला बोकड-दारूची रीत मोडून त्याने गोड जेवण घातले. भावकीसमोर केवढा हा धीर! १९०५ मध्ये घर सोडले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात नवस, पशुबळी, अंगारे-धुपारे यांवर श्रोत्यांनाच प्रश्न विचारायचे. शाळा मात्र शिकलेले नव्हते. २० डिसेंबर १९५६ रोजी ते वारले.

हे सारे आईला वाचून दाखवले. तिने निमूट ऐकले. चिंचेला वळसा मात्र मीही अजून घालतोच.