मलिक अंबर आणि त्याची मायबोली

मराठवाड्यांतील मुलांना मलिक अंबर हें नांव अपरिचित नाहीं. परंतु ज्या भाषेंत त्याच्या आईनें त्यास प्रथम हांक मारिली, तिचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

इ. स. १५४८ च्या सुमारास हबशांच्या देशांत, म्हणजे इथिओपियांत, त्याचा जन्म झाला. मूळचें नांव चापू. तो ओरोमो लोकांपैकीं होता, असें अनेक इतिहासकार मानतात. बालपणींच तो गुलाम म्हणून विकला जाऊन बगदाद शहरीं पोंचला. तेथें मीर कासीम नामक धन्यानें त्यास शिक्षण दिलें व अंबर हें नवें नांव ठेविलें. घर गेलें, नांव गेलें, भाषाही गेली.

तथापि धन्याची अरबी त्यास वाटली असेल तितकी परकी नव्हती. ओरोमो ही कुशी शाखेची व अरबी सेमिटिक शाखेची. परंतु दोन्ही एकाच आफ्रो-आशियाई भाषाकुलांतील होत. ‘तूं’ या अर्थीं ओरोमोंत ‘अती’, हिब्रूंत ‘अत्ता’ व अरबींत ‘अंता’ म्हणतात. प्राचीन मिसरी, बर्बर आणि हौसा याही त्यांच्याच भगिनी. या कुलाचा उगम हजारों वर्षांपूर्वीं ईशान्य आफ्रिकेंत झाला असावा, असें बहुतेक भाषापंडितांचें मत आहे.

पुढें निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानें अंबरास विकत घेतलें. त्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला. १६०० मध्यें मोंगलांनीं अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हां त्यानें परांड्यास दुसऱ्या मुर्तझास गादीवर बसवून बुडतें राज्य सांवरलें. १६०२ मध्यें नांदेडजवळ मोंगलांशीं झालेल्या लढाईंत तो हरला व जखमी झाला. पण खचला नाहीं. १६१० मध्यें त्यानें खडकी, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, वसविलें. नहर बांधून तेथें पाणी आणिलें. जमिनीची मोजणी व प्रतवारी करून रयतेचा सारा ठरविला. १६२४ मध्यें भातवडीस मोंगल व आदिलशाही फौजांचा त्यानें पराभव केला. १६२६ मध्यें तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे.

आपल्या नांदेड-लातूरकडील शाळांत घरीं तेलुगू, कानडी, उर्दू किंवा गोरमाटी बोलणारीं मुलें येतात. त्यांच्या बोलीस हंसण्यापूर्वीं, बगदादच्या बाजारांत मुका झालेला तो परदेशी मुलगा विद्यार्थ्यांनीं अवश्य आठवावा.