महाद्वारापाशी थांबलेला चोखोबा

इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि कामावरचे मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखामेळा होता. ज्या कुसाच्या आत राहण्याचा अधिकार त्याच्या जातीला नव्हता, ते कूस उभारतानाच त्याला मरण आले. पुढे नामदेवांनी मंगळवेढ्यास जाऊन त्याच्या अस्थी शोधल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या चोख्याच्या, अशी परंपरेची श्रद्धा आहे. त्या पंढरपुरात आणून महाद्वारासमोर पुरण्यात आल्या.

चोखोबाचा जन्म महार कुळातला. मेलेली ढोरे ओढणे, गावाची पडेल ती कामे करणे आणि उष्ट्यावर पोट भरणे, हा वतनाचा भाग. नामदेवांच्या सहवासात त्याला विठ्ठलाचा छंद लागला; परंतु त्या विठ्ठलाचे दर्शन राउळाबाहेरूनच घ्यावे लागे. देव सर्वांभूती सम आहे, हे कीर्तनात रोज कानी पडे आणि कीर्तन संपले की बडव्यांचा मज्जाव पुढे उभा राही. या विसंगतीतून त्याची वाणी घडली. आज त्याच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत.

त्यांतला सूर मात्र एकच नाही. कोठे तो आपल्या हीन जन्माला पूर्वकर्माचे फळ म्हणून मान तुकवतो, तर कोठे बाहेरच्या रूपावर भुलणाऱ्यांना अंतरीचा रस पाहावयास सांगतो. आजच्या वाचकाला त्याची शरणागती बोचते, आणि ते स्वाभाविक आहे. पण ज्याच्या हाती ना शास्त्र ना सत्ता, त्याने थेट देवालाच जाब विचारावा, हे धारिष्ट लहान नव्हे.

घरातली माणसे तर याही पुढे गेली. पत्नी सोयराबाईने विटाळाच्या कल्पनेचे मूळच उपटले : देह जर विटाळातूनच उपजतो, तर सोवळा कोण उरला, असा तिचा रोकडा प्रश्न होता. बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका हेही अभंगकार. मुलगा कर्ममेळा मात्र बापासारखा समजूत घालून घेणारा नव्हता. आम्हाला हीन करून तुला काय लाभले, अशा आशयाची त्याची तक्रार देवाच्या समदृष्टीवरच बोट ठेवते. एकाच झोपडीत ही क्षमा आणि हा संताप शेजारी नांदत होता.

चोखोबाच्या आख्यायिका मोठ्या गोड आहेत. विठ्ठलाने त्याला हाती धरून गाभाऱ्यात नेले, सोयराबाईच्या बाळंतपणात नणंदेचे रूप घेऊन तिची सेवा केली. देव भेद करीत नाही, हे त्यांतून ठसते खरे; पण देवच बाहेर येऊन भेटतो म्हटल्यावर दार उघडण्याची निकड कोणाला राहिली नाही. चमत्काराने देवाला दोषमुक्त केले आणि त्याबरोबर दारावरचे पहारेकरीही सुटले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला १९४८ मधील इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. त्याआधी वर्षभर, मे १९४७ मध्ये, साने गुरुजी विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात प्राणांतिक उपोषणास बसले होते. चोखोबाच्या मृत्यूला तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती. त्या वर्षी दार उघडले. समाधी आहे तेथेच, नामदेव पायरीसमोर, राहिली आहे. महाद्वाराने आत जाणाऱ्या वारकऱ्याला आजही विठोबाच्या आधी चोखोबा भेटतो.