विश्लेषण : ‘सर्रा’चा परजीवी शोधणारे ग्रिफिथ इव्हान्स कोण होते?

घोड्याला ताप येतो, पोटाखाली आणि पायांवर सूज चढते. वैरण खाऊनही तो खंगत जातो आणि अखेर दगावतो. उंट, घोडे, म्हशी, कुत्रे यांना होणाऱ्या या आजाराचे नाव ‘सर्रा’. त्याचे कारण रक्तात आहे, हे ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये दाखवले. पण वरिष्ठांना ते पटले नाही.

इव्हान्स कोण होते?
त्यांचा जन्म ७ ऑगस्ट १८३५ रोजी वेल्समध्ये झाला. लंडनमध्ये पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते ब्रिटिश सैन्यात गेले. कॅनडात नेमणूक असताना त्यांनी मॅकगिल विद्यापीठातून १८६४ मध्ये माणसांच्या वैद्यकाचीही पदवी मिळवली. १८७७ मध्ये ते भारतात आले.

शोध कसा लागला?
सिंधूकाठच्या डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) येथे सैन्याचे घोडे आणि उंट मरत होते. चौकशी इव्हान्स यांच्याकडे आली. आजारी जनावरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच तांबड्या पेशींच्या अवतीभवती वळवळणारे परजीवी दिसले. ते रक्त निरोगी जनावरांना टोचल्यावर त्यांच्याही रक्तात तेच परजीवी आढळले.

मग विरोध का?
असेच परजीवी टिमोथी लुईस यांना कोलकात्यात धडधाकट उंदरांच्या रक्तात सापडले होते. त्यामुळे ते निरुपद्रवी असावेत, असा समज होता. इव्हान्स मात्र आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले.

रक्तात नेमके काय होते?
चावणाऱ्या घोडमाश्या हा परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. तो रक्तातील साखरेवर जगतो. तांबड्या पेशी शरीराच्याच संरक्षक पेशी गिळू लागतात. हिमोग्लोबिन घटते, रक्तक्षय होतो. साखर कमी होऊ शकते आणि यकृताला इजा झाल्यास त्याची विकरे रक्तात वाढतात. परजीवी आपले बाह्य आवरण सतत बदलतो, म्हणून ताप उतरून पुन्हा चढतो. मधल्या काळात रक्त तपासले तर तो दिसतही नाही.

मान्यता कधी मिळाली?
१८८५ मध्ये जे. एच. स्टील यांना ब्रह्मदेशातील खेचरांच्या रक्तात हाच परजीवी दिसला. त्यांनी त्याला इव्हान्स यांचे नाव दिले. हेच स्टील पुढे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. आज हा परजीवी ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ म्हणून ओळखला जातो. प्राण्यांत रोग निर्माण करणारा, शोधला गेलेला हा पहिला ट्रिपॅनोसोमा.

इव्हान्स यांना १९१७ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, मेरी किंग्जली पदक मिळाले. ७ डिसेंबर १९३५ रोजी, शंभरी पूर्ण करून, ते निवर्तले. सर्राचा संशय आला की आजही पशुवैद्यक आधी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात.