आर्मस्ट्राँग यांची हरवलेली लहरपट्टी

एफएम रेडिओची तबकडी बहुतेक देशांत ८८ पासून सुरू होते आणि १०८ वर संपते. या आकड्यांच्या जागी अमेरिकेत एकेकाळी ४२ आणि ५० हे आकडे होते. ते पुसले गेले आणि एफएमच्या जनकाच्या आयुष्याची घडी विसकटली.

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क येथे झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच त्यांनी क्षीण लहरी अनेक पटींनी वाढविणारी मंडलरचना सिद्ध केली. पुढे पहिल्या महायुद्धात पॅरिसमध्ये सैन्यात असताना त्यांनी सुपरहेटरोडाइन ग्राहक रचला. पैसा आला, कीर्ती आली. मात्र पहिल्या शोधाच्या श्रेयाचा ली डी फॉरेस्ट यांच्याशी चाललेला खटला ते १९३४ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. अभियंत्यांना तो निकाल कधीच पटला नाही.

तोवर ते रेडिओतील खरखरीच्या मागे लागले होते. लहरीची उंची न बदलता वारंवारता बदलायची, ही त्यांची युक्ती. तिचे पेटंट डिसेंबर १९३३ मध्ये मिळाले. आवाज निर्मळ झाला, पण जुन्या पद्धतीला १० किलोहर्ट्झ रुंदीचे चॅनेल पुरे, तर एफएमला २०० लागे. एवढी जागा केवळ सरकारच देऊ शकत होते. एम्पायर स्टेट इमारतीवरील त्यांची उपकरणे १९३५ साली आरसीए कंपनीने काढायला लावली, तेव्हा त्यांनी न्यू जर्सीतील अल्पाइन येथे पदरच्या पैशाने मनोरा उभारला. १९४० साली संघीय दळणवळण आयोगाने एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झमध्ये ४० चॅनेल दिले.

१९४५ साली आयोगाने ते परत घेतले. सौर डागांच्या काळात दूरच्या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन व्यत्यय आणतील, हे कारण. आर्मस्ट्राँग यांनी त्याविरुद्ध साक्ष दिली. उपयोग झाला नाही. आज वायफायचा ड्रायव्हर देश पाहून चॅनेलांची यादी बदलतो. त्या काळी वारंवारता तारेच्या वेटोळ्यांनीच ठरत असे. त्यामुळे सुमारे चार लाख रेडिओसंच हळूहळू निकामी ठरले. नव्या पट्टीसाठी प्रक्षेपकही नव्याने उभारावे लागले. गंमत अशी, की रिकाम्या झालेल्या जागेचा मोठा भाग दूरचित्रवाणीच्या १ क्रमांकाच्या चॅनेलला मिळाला, आणि दूरचित्रवाणीचा आवाजही एफएमच होता! १९४८ साली तेही चॅनेल रद्द झाले. अमेरिकी दूरचित्रवाणीची मोजणी तेव्हापासून २ पासून होते.

त्याच वर्षी आर्मस्ट्राँग यांनी पेटंटभंगाबद्दल आरसीएवर दावा लावला. साक्षी-उलटतपासण्या वर्षानुवर्षे लांबल्या, पेटंटांची मुदत सरली, पैसा आटला, घरही दुरावले. ३१ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जीवनयात्रा संपविली.

पत्नी मॅरियन एकेकाळी आरसीएच्याच डेव्हिड सारनॉफ यांच्या सचिव होत्या. पतीच्या पश्चात त्यांनी खटले सोडले नाहीत. त्याच वर्षाअखेर आरसीएने दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन तडजोड केली. इतर कंपन्यांशी झगडा चालूच राहिला. शेवटचा खटला मॅरियन यांनी १९६७ साली जिंकला.