चिंतामणराव देशमुख आणि न दिसणाऱ्या कमाईची मोजणी

महाड तालुक्यातल्या तळीये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. राज्याच्या उत्पन्नाच्या आकड्यात असा आघात कसा उमटतो? पडलेले घर त्यातून वजा होत नाही. तो आकडा मालमत्तेचा नसतो, वर्षभरात निर्माण झालेल्या मूल्याचा असतो. नवे घर बांधले की त्याचे बांधकाम मात्र उत्पन्नात धरले जाते. आणि गावातल्या एखाद्या टेम्पोवाल्याचा, शिकवणी घेणाऱ्याचा थांबलेला धंदा? तो दिसेलच असे नाही. हा हिशेब देशात उभा राहत असताना अर्थ खाते ज्यांच्याकडे होते, ते याच तालुक्यातले.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा. वडील वकील, बालपण रोह्यात. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे केंब्रिजला मात्र त्यांनी विज्ञान निवडले : वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये पदवी घेताना वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकावले. पुढच्याच वर्षी आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक आला आणि प्रयोगशाळा सुटली ती सुटलीच.

मध्य प्रांतातली नोकरी, १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ केंद्रीय अर्थमंत्री हा प्रवास बहुतेकांना ठाऊक असतो. १९४५ पासून जवळपास दोन दशके ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, हे फारसे कोणी सांगत नाही. संस्थेचा प्राण होते प्रशांतचंद्र महालनोबिस. हे दोघे एकत्र होते म्हणूनच पुढची कामे झपाट्याने झाली असावीत, असे मला वाटते.

१९४९ मध्ये सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. महालनोबिस अध्यक्ष, तर पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य. सल्लागारांत सायमन कुझ्नेट्स आणि रिचर्ड स्टोन होते. या दोघांनाही पुढे नोबेल मिळाले. एप्रिल १९५१ च्या पहिल्या अहवालाने १९४८-४९ चे राष्ट्रीय उत्पन्न ८,७१० कोटी रुपये काढले. शेतीचे पीक मोजता येते, गिरणीचे कापडही मोजता येते. वकील, वैद्य, न्हावी, धोबी, हमाल यांचे काय? त्यांचे ना वजन, ना मीटर, आणि हिशेबाची वही बहुतेकांकडे नसते. शेवटी अशा व्यवसायात माणसे किती आणि एकेकाची सरासरी कमाई किती, यांचा गुणाकार करायचा. त्यात १९४१ च्या जनगणनेत युद्धामुळे व्यवसायांची सविस्तर कोष्टके तयार झालेली नव्हती. म्हणजे गुणाकाराचा एक आकडाच डळमळीत.

ही पोकळी भरण्यासाठी नमुना पाहणी हवी होती. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तीही अर्थ खात्याच्याच अखत्यारीत. १९५१ मध्ये केंद्रीय सांख्यिकी संघटना आली. जंगलात प्रत्येक रोप न मोजता चौकोन आखून त्यातली रोपे मोजायची आणि त्यावरून अंदाज बांधायचा, ही पद्धत वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागली नसेल!

आजही खासगी सेवांच्या मोजणीचा गाभा तोच आहे. मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद मिळतात. महाडमधल्या एखाद्या छोट्या दवाखान्यासाठी मात्र पाहणीवरच भिस्त. डॉक्टरांनी वर्षभरात घेतलेल्या फीमधून औषधे, वीज, साहित्याचा खर्च वजा केला की उरते ते मूल्यवर्धन. कंपाउंडरचा पगार वजा होत नाही, कारण तीही कमाईच. असे दर माणशी मूल्यवर्धन पाहणीतून काढतात, त्याला काम करणाऱ्यांच्या संख्येने गुणतात. मधल्या वर्षांत इतर निर्देशकांच्या आधारे आकडा पुढे नेतात. बँका आणि रेल्वे तर अनेक राज्यांत पसरलेल्या. त्यांचे उत्पन्न देशाचे म्हणून काढून राज्यांना वाटून दिले जाते. महाराष्ट्राचे आकडे अर्थ व सांख्यिकी संचालनालय तयार करते आणि ते दरवर्षी आर्थिक पाहणीत छापून येतात.

नमुन्याची मर्यादाही इथेच आहे. राज्याचा अंदाज तो बऱ्यापैकी देतो, जिल्ह्यापर्यंत येताना विरळ होतो आणि वाडीपर्यंत पोहोचतच नाही. निवडलेल्या गावांत तळीये नसेल, तर तिथले बंद झालेले दुकान रायगडच्या आकड्यात शोधूनही सापडणार नाही.

देशमुख १९५२ मध्ये याच भागातून, तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून, लोकसभेवर निवडून आले होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठ इथे काम केले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला ते गेले. राष्ट्रीय नमुना पाहणीचे कर्मचारी आजही घरोघरी आणि दुकानोदुकानी प्रश्नावली घेऊन फिरत असतात.